चार काड्यांचा हिशेब

फ्रीजचा खालचा कप्पा आवरत होते. तळाशी एक पिशवी हाताला लागली, थंडगार आणि बुळबुळीत. उघडली तर कोथिंबिरीची जुडी. पानं काळपट होऊन एकमेकांना चिकटलेली, देठ जरा दाबला की पाणी सुटत होतं, आणि तो वास, एकदा नाकात बसला की दिवसभर न जाणारा. पिशवीला गाठ मारून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि हात धुवायला वळले. आई ओट्यापाशी उभी होती. ती म्हणाली, "चारच काड्या मागितल्या होत्या गं मी."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. सहज बोलून गेली आणि आपल्या कामाला लागली. मला मात्र ते वाक्य सलत राहिलं. मी हिशेबनीस आहे. लोकांचे ताळेबंद जुळवण्यात वीस-बावीस वर्षं गेली. एखादा आकडा इकडचा तिकडे झाला की तो सापडेपर्यंत मला अन्न गोड लागत नाही. आणि माझ्या स्वतःच्या घरातून दर आठवड्याला एक जुडी, अर्धा पुडा मिरच्या, पुदिन्याच्या काळ्या पडलेल्या काड्या मुकाट्यानं डब्यात जात होत्या, त्यांची नोंद कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी एक कोरी वही काढली. स्वयंपाकघरातला वजनकाटा फ्रीजशेजारी ठेवला आणि ठरवलं, महिनाभर जे काही न वापरता टाकू ते आधी तोलायचं, लिहायचं, मग टाकायचं. सालं, देठ, बिया धरायच्या नाहीत. फक्त विकत आणलेलं, खाण्याजोगं असलेलं आणि आपल्या हलगर्जीपणानं नासलेलं.

महिन्याच्या शेवटी बेरीज केली. ६ किलो ४०० ग्रॅम. घरात माणसं तीन: आई, मी आणि माझी मुलगी. मी बेरीज दोनदा तपासली. निम्म्याहून जास्त वजन पालेभाज्यांचं होतं. पाला किती हलका असतो हे ज्यानं तोललंय त्यालाच कळेल, की तेवढं वजन भरायला केवढा ढीग लागतो. पुढे कधीतरी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४चा अहवाल वाचनात आला. २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून गेलं, असं त्यात आहे. सालं-बिया धरून माणशी वर्षाला ७९ किलो, तेही फक्त घरातलं. इतके दिवस मला वाटायचं की अन्नाची नासाडी म्हणजे मोठमोठ्या कार्यालयांतल्या पंगती, गोदामं, वाटेत सडलेले ट्रक. आकड्यांनी बोट दाखवलं ते थेट माझ्या खालच्या कप्प्याकडे.

बाजार जुडीनं विकतो आणि स्वयंपाकघर काडीनं वापरतं. मधल्या फरकाची किंमत कुठल्याच बिलावर छापून येत नाही.

बाग करायचं मी त्या वहीपायी ठरवलं. लोक फुलांच्या ओढीनं करतात, कुणाला लहानपणचं अंगण आठवतं. माझी सुरुवात अशी रुक्ष, हे मान्य आहे. स्वयंपाकघराला लागून गॅलरी, तिथे सकाळचं चारेक तास ऊन. वर गच्चीचा एक कोपरा, तिथे दिवसभर. पालेभाज्यांना तीन-चार तासांचं ऊन चालतं, फळभाज्यांना सहा तरी लागतात, एवढं वाचून ठेवलं होतं. उत्साहात एका रोपवाटिकेतून दोन डझन रोपं आणली. मिरचीच्या रोपांची पानं आणतानाच जरा आकसल्यासारखी दिसत होती. विचारलं तर "ऊन मिळालं की सरळ होतील" असं उत्तर मिळालं, आणि मी विश्वास ठेवला. तो बोकड्या होता. फुलकिडे आणि कोळी रस शोषतात, विषाणूही येतो, आणि पान वळून चुरगळून जातं. पंधरा दिवसांत शेजारच्या निरोगी रोपांवरही तो पसरला. जी रोपं रोगानं गेली नाहीत ती माझ्या मायेनं गेली. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, ऑफिसातून आले की पुन्हा थोडं. पानं पिवळी पडली की मला वाटायचं तहान लागली असेल, आणि मी आणखी ओतायचे.

एका संध्याकाळी आईनं माझ्या हातातली झारी धरली. "अगं, वाफसा तरी येऊ दे." आईचं लहानपण शेतकरी घरात गेलं, पण शेतीबद्दल ती कधी फारसं बोलली नव्हती. हा शब्द मी पुस्तकात वाचला होता. त्याला हात लावून पाहिला तो त्या दिवशी. तिनं मला तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायला लावली. बाहेर काढली तर बोटाला चिखल लागला होता. "हे झालं बुडवणं," ती म्हणाली. मग दोन दिवस पाणी बंद. तिसऱ्या दिवशी त्याच कुंडीतली मूठभर माती घेऊन तिनं हलकेच दाबली. गोळा झाला. अंगठ्यानं टिचकी दिली तर तो मोकळा होऊन तळव्यावर पसरला. ओल आहे आणि वाराही आहे, दोन्ही एकत्र, हाच वाफसा. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळं गुदमरतात आणि कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही म्हणून वरचं पान तहानलेलं दिसतं. पाण्यात उभं राहून तहानेनं मरणं. किती रोपांना मी असं मारलं होतं ते मोजलं नाही. वहीत फक्त "११ रोपे, नुकसान" असं लिहिलं.

कोथिंबीर मात्र आईनंच लावली. धने पाटावर पसरले आणि वरून वाटीचा बुंधा फिरवला, जोर न देता, नुसता गोल गोल. एकेक धना टचकन दोन अर्धुकांत सुटत होता. आपण धना म्हणतो ते खरं तर फळ, त्यात दोन बिया पोटाला पोट लावून बसलेल्या असतात. जास्त जोर दिला तर बी चुरडतं, कमी दिला तर सुटत नाही. ती मधेच थांबून चिमटीत धरून बघायची आणि फुंकर मारायची. रात्रभर पाण्यात, सकाळी पसरट कुंडीत अर्धा इंच खाली, वर भुसभुशीत माती. मग वाट पाहणं. पाचवा दिवस, सहावा, सातवा. मुलगी म्हणाली, "आजी, मेलं असेल." दहाव्या सकाळी मातीला बारीक भेगा पडल्या होत्या आणि प्रत्येक भेगेतून वाकलेल्या मानेसारखा एक पांढरट देठ वर येत होता. मी चहाचा कप तसाच कठड्यावर ठेवून उकिडवी बसले. ऑफिसला उशीर झाला त्या दिवशी.

आता पैशाचं स्पष्ट बोलते. घरच्या बागेनं पहिल्या महिन्यापासून बचत होते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी ओळ न ओळ लिहिलेली आहे. कुंड्या, झारी, खुरपं हा भांडवली खर्च, त्याचा घसारा मी पाच वर्षांत वाटला. माती, शेणखत, कोकोपीट, बियाणं, निंबोळी तेल हा चालू खर्च. जमेच्या बाजूला तोडलेल्या प्रत्येक गोष्टीचं वजन आणि त्या दिवशीचा बाजारभाव. एवढं सवलतीनं मांडूनही पहिल्या वर्षी जमेची बाजू खर्चाच्या निम्म्याला पोचली नाही. दुसऱ्या वर्षी जेमतेम बरोबरी. फायदा दिसायला लागला तो तिसऱ्या वर्षी, आणि तोही सगळ्या कुंड्यांतून नाही. बटाटा आणि कांदा मी एकेकदा लावून बंद केले. तीन-चार महिने जागा अडवतात, बाजारात कायम मिळतात, आणि घरात आठवडेच्या आठवडे टिकतात. असल्या गोष्टी शेतकऱ्याकडूनच घ्याव्यात, तो आपल्यापेक्षा कितीतरी चांगल्या पिकवतो. कुंडीत लावायचं ते, जे लागतं थोडं पण लागतं रोज, आणि तोडल्यावर टिकत नाही. कोथिंबीर, पुदिना, मिरची, पातीचा कांदा. मेथी, कारण ती महिन्याभरात हातात येते. पालक, कारण बाहेरची पानं खुडत राहिलं की आतून नवी येत राहतात.

यामागचं कारण मला फार उशिरा उमगलं. तोडलेलं पान लगेच मरत नाही. ते श्वास घेत राहतं, साठवलेली साखर जाळत राहतं, पाणी गमावत राहतं, आणि पालेभाजीतलं क जीवनसत्त्व तर तोडल्या घटकेपासून उतरणीला लागतं. फ्रीज हा खर्च मंदावतो, थांबवत नाही. मुळावर असलेलं पान मात्र कमावतं. ऊन येतं, ते नवी साखर बनवतं. मुळावरचं पान कमावतं आणि तोडलेलं पान खर्च करतं, इतकी साधी खातेवही आहे ती, आणि मी हिशेबाची माणूस असून आयुष्यभर माझं सगळं भांडवल खर्चाच्या खात्यात ठेवत आले होते. रोप म्हणजे विजेशिवाय चालणारं कोठार. चार काड्या हव्या तर चार काढायच्या, बाकीच्या वाढत राहतात.

वजनकाटा मी पुन्हा एकदा फ्रीजशेजारी ठेवला, तिसऱ्या वर्षी, तसाच महिनाभर. १ किलो १०० ग्रॅम भरले. गॅलरीतून आलेल्या पाल्याचं मोल आणि हा वाचलेला पाच किलोंचा फरक, दोन्ही समोर ठेवले तर फरकाचं पारडं जड होतं. बागेनं जेवढं पिकवलं त्याहून जास्त तिनं नासण्यापासून वाचवलं. बचतीवर लिहिणारे पिकाचं वजन मोजतात, हे कुणी मोजताना मला दिसलं नाही. आणि यातला काही भाग तर कुंडीत न लावलेल्या गोष्टींचा होता. जे रोप उगवायला दहा दिवस आणि वाढायला महिना घेतं ते हातानं वाढवल्यावर बाजारातली पिशवी भरताना हात आपोआप आखडतो. मुलगीसुद्धा आता पानात घेतलेलं टाकत नाही. तिला मी काही सांगितलं नव्हतं.

नावे बाजू कमी झाली ती खतामुळे. भाज्यांची सालं आणि देठं एका भोकं पाडलेल्या पिंपात जातात, वर वाळलेला पाला किंवा फाडलेला पुठ्ठा. ओला एक भाग असेल तर कोरडा दोन-तीन भाग. हे प्रमाण चुकलं की दुर्गंधी सुटते, माझी दोनदा सुटली, शेजाऱ्यांची बोलणीही खाल्ली. जमलं की मात्र पिंपात हात घातल्यावर मधोमध कोमट लागतं. सूक्ष्मजीवांच्या कामाची ती ऊब. तीनेक महिन्यांनी गळ्यापर्यंत भरलेलं पिंप तिसऱ्या हिश्श्यावर बसतं आणि तळातून काळं, भुरभुरीत, पहिल्या पावसाच्या वासाचं काहीतरी निघतं. कीर्दीतल्या, म्हणजे रोजच्या वहीतल्या, नोंदी आम्ही खतावणीत, म्हणजे खात्यांच्या वहीत, उतरवतो. हा शब्द इतकी वर्षं रोज तोंडात असून त्यात खत दडलेलं आहे हे मला पिंपात हात घातलेला असताना जाणवलं. व्युत्पत्ती वेगळी असेल, शब्दकोश उघडायची इच्छा झाली नाही. बियाणंही आता बरंचसं घरचंच. टोमॅटोचा गर पाण्यात दोन-तीन दिवस आंबवला की बीभोवतीचा चिकट पडदा सुटतो, मग धुऊन सावलीत वाळवायचं. संकरित वाणाचं बी मात्र धरू नये, पुढच्या पिढीत ते आईबापासारखं निघेलच असं नाही.

टोमॅटोबद्दल एक सांगायलाच हवं, कारण त्याची नोंद कुठल्या रकान्यात करावी हे मला आजही कळलेलं नाही. पहिल्या दोन मोसमांत फुलं भरपूर यायची आणि गळून जायची. दिवसा ३५ अंशांच्या वर गेलं की फूलगळ होते हे माहीत होतं, पण तेव्हा तसा उन्हाळाही नव्हता. मग कळलं की टोमॅटोचा पराग उघड्यावर नसतो. पुंकेसरांची एक बंद नळी असते, ती थरथरली की टोकाच्या छिद्रातून पराग सांडतो. मधमाशीला ते जमत नाही. काळा भुंगा फूल धरतो, पंख न फडफडवता छातीचे स्नायू कंपवतो, आणि घुंऽऽ असा खालच्या पट्टीतला आवाज येतो. गच्चीवर वारा अडलेला आणि भुंगा नाही, म्हणून मी सकाळी नऊच्या सुमारास फुलांच्या देठांना बोटानं हलक्या टिचक्या मारायला लागले. फळं धरली. पुढच्या वर्षी कठड्यालगत तुळस फुलावर सोडली, आणि एका रविवारी मागून तो आवाज आला. मी श्वास धरून उभी राहिले. पिवळ्या फुलाला लटकून एवढा मोठा काळा भुंगा, आणि त्याच्या पोटावर पिवळी पूड. डोळ्यांत पाणी का आलं ते सांगता येणार नाही.

सगळेच दिवस असे नव्हते. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. त्या दहा-बारा दिवसांत मी गॅलरीचं दार उघडलं नाही. मुलगी आठवेल तसं पाणी घालत होती. एकदा कपडे न्यायला घरी आले तेव्हा दाराच्या काचेतून माना टाकलेली रोपं दिसली आणि मला त्यांचा राग आला, खराखुरा राग. आणखी एक तोंड, आणखी एक जण माझ्याकडे बघत बसलेला. बाग मन हलकं करते हे खरं आहे. माणूस पिचलेला असतो तेव्हा तीच बाग आणखी एक काम होऊन समोर उभी राहते, हेही तितकंच खरं. ज्यांच्या घरी आजारपण आहे, त्यांना कुणी "बाग करा, बरं वाटेल" असं सांगू लागलं की मला आज गप्प बसवत नाही. त्यांना आधी झोप हवी असते.

आई घरी आली तेव्हा तिचा पलंग आम्ही गॅलरीच्या दारापाशी हलवला. कारण सोयीचं होतं, तिथून न्हाणीघर जवळ. टोमॅटो वाळून गेले होते, मेथी संपली होती, पुदिना मात्र कुंडीबाहेर ओघळत होता, आणि कोथिंबीर कुणी न तोडल्यामुळे कमरेएवढी उंच होऊन पांढऱ्या फुलांवर आली होती. ती उपटून टाकायला मी गेले तर आई पडल्या पडल्या म्हणाली, "राहू दे. धने धरू दे." पुढचे सहा आठवडे ती त्या फुलांकडे बघत होती. कोणती माशी कधी येते, कोणत्या फांदीवर मावा चढलाय, आज ऊन किती वाजता सरकलं, हे मला संध्याकाळी सांगायची. रॉजर उलरिच नावाच्या संशोधकाचा १९८४ साली 'सायन्स'मध्ये आलेला एक निबंध तेव्हा मी शोधून वाचला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. आकडा लहान आहे, त्यावर मोठे इमले बांधू नयेत. माझ्या घरात मात्र रात्री दहाला गोळी मागणारी आई एके दिवशी म्हणाली, "आज नको, भुंग्याचं काय झालं ते सांगायचं राहिलंय."

धने पिकले, तपकिरी झाले. तिनं पलंगावर कागद पसरून ते झोडले, वाटीनं रगडले. आधी उजव्या हातानं, मग व्यायाम म्हणून डाव्या. मी कुंडी भरून आणून दिली.

परवाची गोष्ट. मी स्वयंपाकघरात होते, गॅसवर पातेलं, हात कामात. बाहेरून वॉकरचा ठक, ठक असा आवाज आला आणि थांबला. डोकावून पाहिलं तर आई कुंडीपाशी एका हातानं वॉकर धरून वाकली होती. हाक मारावीशी वाटली, पडशील म्हणून. मारली नाही. तिनं बाहेरची एक काडी निवडली, नखानं मुळाशी खुडली. मग दुसरी. मधे एकदा थांबून मातीत बोट खुपसून पाहिलं, बोट पदराला पुसलं. आत आली तेव्हा तिच्या मुठीत कोथिंबीर होती आणि ओट्यापर्यंत वास आधी पोचला होता.

"किती लागतील?" तिनं विचारलं.

जेवणं झाल्यावर मी वही काढली. वजन करायचं राहून गेलं होतं. तारीख घातली आणि लिहिलं: कोथिंबीर, चार काड्या. आईनं तोडल्या.